सेफ्टी शूज घ्यायच्या आधी पायावर काय पडणार ते बघा

कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, गेलात की एकाच शेडखाली पायाला चार-पाच वेगवेगळे धोके दिसतील. मेल्टिंगला भट्टीत १४०० डिग्रीच्या वर तापलेलं लोखंड, नॉकआउटला (वाळूचा साचा फोडून ओतलेला माल काढतात तिथं) गरम वाळू आणि साच्याचे जड मोल्डिंग बॉक्स, फेटलिंगला (माल घासून साफ करतात तिथं) ग्राइंडरच्या ठिणग्या आणि पायाखाली रनर-रायझरचे, म्हणजे मालाला चिकटून आलेल्या जादा लोखंडाचे, धारदार तुकडे, डिस्पॅचला पॅलेटवरनं घसरणारं कास्टिंग, म्हणजे तयार ओतीव माल, आणि मेंटेनन्सवाल्याला वर करंटची भीती वेगळीच. आता गंमत नाही, खरंच वाईट वाटतं सांगायला, पण बऱ्याच ठिकाणी या सगळ्यांना स्टोअरमधून बूट एकच मिळतो. काळा, लेसवाला, पुढं कडक. मिळाला, रजिस्टरला सही झाली, विषय संपला. माणसं पण म्हणतात शूज घातलाय ना, मग झालं.

तसं होत नाही. बूट एका ठराविक धोक्यासाठी बनवलेला असतो आणि दुसऱ्या धोक्यासमोर तोच बूट कुचकामी असतो, कधी कधी तर उलटा नडतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो, कारण हे कुणी नीट सांगत नाही, ट्रेनिंगमध्ये नुसतं "पीपीई (अंगावरची सुरक्षेची साधनं) वापरा" एवढंच सांगतात.

आधी पुढची टोपी, म्हणजे टो-कॅप. आपल्याकडं सेफ्टी शूजचं स्टँडर्ड आहे आयएस १५२९८, त्याचा भाग २ म्हणजे पूर्ण सेफ्टी शूज. त्यात टोपीची टेस्ट असते २०० ज्यूलची. ज्यूल म्हटलं की शाळेतलं फिजिक्स आठवून डोकं दुखायला लागतं, पण सोपं आहे, २० किलोचं वजन साधारण एक मीटर उंचीवरनं, म्हणजे कमरेच्या आसपासनं बुटाच्या पुढच्या भागावर सोडायचं, तेवढी ती ताकद. टेस्ट करताना बुटाच्या आत मऊ मातीसारख्या पदार्थाचा एक छोटा गोळा उभा करून ठेवतात, वरनं वजन सोडतात, आणि मग तो गोळा बाहेर काढून किती चेपला ते मोजतात. साधारण ७-८ नंबरच्या बुटाला वजन पडल्यावरही आत १४ मिलिमीटर जागा शिल्लक राहायला पाहिजे. म्हणजे टोपी वाकली तरी चालेल, पण बोटांना जागा उरली पाहिजे, एवढंच टेस्टचं म्हणणं. दुसरी टेस्ट दाबाची, १५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दीड टन वजन हळूहळू वरनं दाबत आणायचं.

टोपी हे सगळं कसं सोसते? ती पुलाच्या कमानीसारखी काम करते, वरचं वजन बोटांवर येऊ न देता कडेनं खाली सोलवर आणि तिथनं जमिनीत उतरवते. म्हणून टोपीची कड सोलवर नीट बसलेली पाहिजे. सोल सुटलेला, पुढनं तोंड वासलेला बूट असेल तर आत स्टील कितीही चांगलं असू दे, कमानीचे खांबच हललेले असतात.

इथं एक गैरसमज फार जुना आहे, टोपी दुमडून बोटं कापते म्हणे, त्यापेक्षा साधी चप्पल बरी. हे मी अगदी शिकलेल्या लोकांकडनं पण ऐकलंय. जरा विचार करा, जे वजन स्टीलची टोपी पूर्ण चेपून बसवेल ते वजन नुसत्या बोटांवर पडलं तर बोटांचं काय शिल्लक राहील? टोपी नसती तर बोटं वाचली असती अशी परिस्थिती येणं जवळजवळ अशक्य.

पण याच आकड्यातनं दुसरी गोष्ट पण कळते आणि ती जास्त महत्त्वाची आहे. २०० ज्यूल म्हणजे २० किलो, एक मीटर. आता तुमच्याकडं कास्टिंग ३५ किलोचं आहे आणि दोघांनी हातानं उचललेलं ते कमरेच्या उंचीवरनं सुटलं तर झाले ३४० ज्यूलच्या वर. टोपीची हद्द केव्हाच संपली. मग इथं अजून भारी बूट आणून उपयोग नाही, इथं ट्रॉली पाहिजे, हॉइस्ट पाहिजे, किंवा कास्टिंग ठेवायची उंची तरी कमी पाहिजे. सेफ्टीच्या भाषेत बूट, हेल्मेट, ग्लोव्हज हा सगळ्यात शेवटचा उपाय धरतात तो यासाठी. आधी धोका काढून टाकता येतो का, नाही तर मशीनला गार्ड लावता येतं का, कामाची पद्धत बदलता येते का, आणि एवढं सगळं करून जे उरतं त्यासाठी अंगावरची साधनं. आपल्याकडं मात्र हा क्रम उलटा चालतो, पहिलं हेल्मेट वाटून फोटो काढायचा आणि प्रेसचं गार्ड महिनाभर काढून कोपऱ्यात उभं.

टोपी फक्त बोटं झाकते हे पण लक्षात ठेवा. बोटांच्या मागं पायाचा जो वरचा फुगीर भाग आहे, जिथं लेस बांधतो, तिथं लांब नाजूक हाडं असतात आणि घरंगळत आलेलं कास्टिंग किंवा आडवा पडलेला बॉक्स नेमका तिथं बसतो. त्यासाठी वरनं मेटाटार्सल गार्ड असलेले बूट मिळतात. नॉकआउट आणि हॅण्डलिंगवाल्यांना खरं तर हेच द्यायला पाहिजेत, पण दिलेले फार कमी दिसतात.

आता खाली सोलकडं या. फॅब्रिकेशन, बांधकाम, स्क्रॅप यार्ड, जिथं खिळे आणि पत्र्याचे कोने वर तोंड करून पडलेले असतात, तिथं टोपीपेक्षा सोल जास्त कामाचा. सोलच्या आत स्टीलची पातळ प्लेट किंवा विणलेल्या चिवट धाग्यांचा थर असतो, तो असेल तर बुटावरच्या कोडमध्ये "पी" येतं, एस-१-पी असं. त्याची टेस्ट ११०० न्यूटनची, म्हणजे साधारण ११० किलोच्या जोरानं खिळा दाबला तरी आत आला नाही पाहिजे. नुसतं एस-१ असेल तर ही प्लेट नसते, आणि दोन्ही बूट बाहेरनं अगदी सारखे दिसतात. किमतीत थोडा फरक, म्हणून पर्चेसवाला एस-१ घेतो आणि स्लॅब सेंट्रिंगच्या माणसाच्या पायात खिळा शिरतो. गंजलेल्या खिळ्याचं म्हणाल तर धनुर्वाताचं इंजेक्शन आहेच, पण माणसाला शुगर असेल तर तळव्याची जखम त्याला बऱ्याचदा कळत पण नाही, संवेदना कमी झालेली असते, चार दिवसांनी वास यायला लागल्यावर घरचे दवाखान्यात नेतात. आमच्या भागात शुगरचे पेशंट आणि हेल्पर हे एकाच माणसात सापडतात हो, चाळिशीच्या पुढच्यांनी काम सुटल्यावर रोज एकदा तळवे बघायची सवय लावून घ्या, दिसत नसेल तर पोरांना बघायला सांगा.

सोल कशाचा आहे हे पण बघायचं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हलका असतो, मऊ असतो, दिवसभर उभं राहायला बरा, पण गरमीला टिकत नाही. नॉकआउटच्या गरम वाळूत किंवा नुकत्याच सांडलेल्या स्लॅगवर (वितळलेल्या लोखंडावरच्या मळीवर) पाय पडला की तो मऊ होऊन चिकटतो. तिथं नायट्राइल रबरचा सोल लागतो, ज्याच्यावर "एचआरओ" लिहिलेलं असतं, त्याची टेस्ट ३०० डिग्रीच्या गरम पृष्ठभागावर एक मिनिट धरून करतात. पीयूचा अजून एक प्रकार असा की बूट न वापरता नुसता कपाटात ठेवला तरी दोन-चार वर्षांत हवेतल्या दमटपणानं आतून सडतो, आणि एक दिवस घालून निघालात की सोलचा चुरा पडायला लागतो. म्हणून "नवाच आहे, पेटीतला" म्हणून जुना स्टॉक कुणी देत असेल तर बनवल्याची तारीख बघा, बुटावर छापलेली असते. अंगठ्यानं सोल जोरात दाबून, वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर घेऊ नका.

मेल्टिंग आणि पोअरिंगचं (साच्यात लोखंड ओतण्याचं) प्रकरण तर पूर्ण वेगळं आहे. तिथं धोका वजनाचा नाही, शिंतोड्याचा आहे. लॅडल (वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं) हलली, साचा ओला होता, भट्टीत ओलं स्क्रॅप गेलं, की मेटल उसळतं. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटीहून जास्त जागा मागते आणि ती जागा क्षणात मागते, म्हणून तो स्फोटच असतो. त्याचमुळं पोअरिंगच्या जागी खाली सिमेंटचा कोबा उघडा न ठेवता कोरडी वाळू पसरतात, कोब्यात पण ओल असते आणि त्याच्यावर मेटल सांडलं तर कोबा फुटून वर येतो.

अशा ठिकाणी लेसवाला बूट हा सापळा आहे. शिंतोडा लेसच्या खाचेत, जिभेच्या फटीत अडकतो, कातडं जाळत आत जातो, आणि माणूस नाचत नाचत लेस सोडत बसतो. ते काही सेकंद म्हणजे पायाचं कातडं आणि खालचं मांस. म्हणून पोअररसाठी बिनलेसचा, बाजूला इलास्टिक असलेला, नाही तर एका झटक्यात सुटणारा, घोट्याच्या वर जाणारा चामड्याचा बूट पाहिजे. आणि पँट बुटाच्या वरनं बाहेर सोडायची, आत खोचायची नाही, खोचली की बुटाचं तोंड मेटलसाठी नरसाळं होतं. वरनं चामड्याचे लेग गार्ड. पँट सुती पाहिजे, टेरिकॉट-पॉलिस्टर नको, ते नुसतं जळत नाही, तर वितळून कातडीला चिकटतं आणि डॉक्टरला ते सोलून काढावं लागतं. मोजे पण सुती. नायलॉनचे मोजे स्वस्त मिळतात, सणाला बरे, भट्टीवर नको.

करंटचं थोडक्यात. पुष्कळ बुटांवर "अँटिस्टॅटिक" लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं यानं शॉक लागत नाही. उलट आहे. अँटिस्टॅटिक बूट अंगावर साठलेला स्थिर वीजभार हळूहळू जमिनीत सोडतो, त्याचा रोध १ लाख ते १०० कोटी ओहमच्या मधला ठेवलेला असतो, म्हणजे थिनर, पेट्रोल, पेंट शॉप अशा जागी ठिणगी पडू नये. म्हणजे तो वीज थोडी जाऊ देण्यासाठीच बनवलाय. पॅनलवर काम करणाऱ्या वायरमनला वीज अडवणारा, इन्सुलेटेड बूट वेगळा घ्यावा लागतो, आणि तो सुद्धा घामानं किंवा पाण्यानं भिजला की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही कामं एका बुटात होत नाहीत.

चुकीचं साधन नडतं म्हटलं ना, त्याचं सगळ्यात साधं उदाहरण हातमोजे. कास्टिंग उचलताना, पत्रा हाताळताना मोजे पाहिजेतच. पण ड्रिल मशीन, लेथ, जिथं काहीतरी गरगर फिरतंय तिथं मोजे घातले तर मोज्याचा एक धागा बिटला गुंडाळला की हात आत ओढला जातो, उघड्या हाताला फक्त कापलं असतं तिथं बोट जातं. तीच गोष्ट गळ्यातला टॉवेल, सैल बाह्या, ओढणी. १९४८ च्या जुन्या कारखाना कायद्यात पण चालत्या मशीनची तपासणी, ऑइलिंग करणाऱ्याला घट्ट बसणारे कपडे घालायला सांगितले होते, उगाच नाही.

आणि फेटलिंगवाल्यांनो, तो तोंडाला बांधलेला रुमाल. डोळ्याला दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते, शिंकलं-थुंकलं की जाते. जी दिसत नाही, १० मायक्रॉनच्या खालची, म्हणजे केसाच्या जाडीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी, ती थेट फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि फाउंड्रीच्या वाळूत सिलिका असतो. रुमालाच्या विणीतनं ती सरळ आत जाते, ओला केला तरी जाते. याच्यानं होणाऱ्या सिलिकोसिसला बरं करणारं औषध नाही, झालेलं नुकसान भरून येत नाही, वर टीबी व्हायची शक्यता वाढते. पाय चेपला तर त्याच दिवशी ओरडतो माणूस, पण हे दहा-पंधरा वर्षांनी जिना चढताना कळतं, तोवर कंपनी पण बदललेली असते. एन-९५ दर्जाचा मास्क, नाकावर पट्टी दाबून, आणि दाढीचे खुंट वाढलेले नकोत, त्यातनं हवा आत शिरते. आणि मास्कच्या आधी धूळ ओढून घेणारा सक्शन चालू आहे का ते बघा, बऱ्याच शेडमध्ये तो बसवलेला असतो पण बंद असतो.

मग एवढं सगळं असून लोक बूट घालत का नाहीत? "ह्यांना अक्कल नाही" असं म्हणणाऱ्या सुपरवायझरांवर माझा राग आहे. एप्रिल-मे महिन्यात भट्टीजवळ आठ तास तो बूट घालून बघा. "सायब, आत पाय शिजतोय ओ," असं एकानं सांगितलं तेव्हा त्यानं बूट काढून दाखवला, तळवा पांढराफटक पडलेला, बोटांच्या बेचक्यात कातडी सोललेली, करंगळीला जिथं टोपीची कड लागते तिथं जाड भोवरी. त्यानं ब्लेडनं करंगळीच्या जागी चामडं कापून भोक पाडलं होतं. दुसरे लोक टाच मुडपून चपलेसारखा घालतात, फटाक फटाक वाजत येतात. मुडपलेल्या टाचेचा बूट पळताना पायातनं निसटतो, म्हणजे नेमका जेव्हा पळायचं असतं तेव्हाच दगा देतो. पण माणूस हे हौसेनं करत नाही, त्याला नंबर चुकीचा मिळालेला असतो.

टोपी कडक असते, साध्या बुटासारखी पायाच्या आकारानं पसरत नाही, त्यामुळं नंबर पहिल्या दिवशीच बरोबर पाहिजे, "वापरला की सैल होईल" हे सेफ्टी शूजला लागू नाही. माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा, आणि कामावरचेच मोजे घालून घ्यायचं. आपल्याकडं लहानपणापासून चप्पल घालून किंवा अनवाणी चाललेले पाय पुढनं रुंद असतात, त्यांना रुंद बांध्याचा बूट लागतो, एक नंबर मोठा घेऊन ते भागत नाही, मग टाच उचलते. दोन जोड मोजे रोज आलटून पालटून, आणि रात्री बूट लेस सोडून वाऱ्याला, भट्टीजवळ वाळत घालायचा नाही, चामडं कडक होऊन तडकतं.

विकत घेताना आयएसआय मार्क, त्याच्यावर आयएस १५२९८ आणि खाली लायसन्स नंबर बघायचा, तो नंबर "बीआयएस केअर" अ‍ॅपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीचा, चालू आहे की नाही ते येतं. मिनिटभराचं काम आहे. आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला जे "सेफ्टी" म्हणून विकतात त्यातल्या काहींमध्ये पुढं नुसता कडक प्लास्टिकचा तुकडा असतो. आणि एकदा टोपीवर काही जड पडलं, तर बूट वरनं धड दिसला तरी तो बाद. स्टील आत वाकलेलं असतं, आतली जागा कमी झालेली असते, पुढच्या वेळेला ती वाचवणार नाही. स्टोअरनं असला बूट बदलून द्यायला कुरकुर करू नये, उलट ज्याच्या पायावर पडलं आणि बोटं वाचली त्याचा बूट कापून आतली टोपी नोटीस बोर्डाखाली ठेवावी, पोस्टरपेक्षा ती जास्त बोलते.

बरेच जण पहिली शिफ्ट करून रात्री उसाला पाणी पाजायला जातात, कारण शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. तिथं हा एमआयडीसीचा बूट नको, चिखलात जड होतो आणि पाणी धरतो. तिथं गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा गमबूट पाहिजे. घोणस बहुतेक वेळा पाऊल, घोटा, पोटरी इथंच चावते, कारण आपणच अंधारात तिच्यावर पाय देतो. भातखाचरात साचलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो, तो टाचेच्या भेगांतनं आत शिरतो, त्यालाही गमबूटच. घालायच्या आधी उलटा करून झटकायचा, विंचू बसलेला असतो. बॅटरी आणि काठी सोबत, आणि साप चावलाच तर पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना, तिथं सापाच्या विषावरची लस असते, बाकी कुठं वेळ घालवायचा नाही.

पैशाचं पण बोलू. चांगला बूट हजार रुपयांच्या आसपास येतो. पायाचा अंगठा मुळापासून गेला तर नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात कमाईची क्षमता १४ टक्के कमी झाली असं धरतात, पायाचं दुसरं कुठलंही एक बोट मुळापासून गेलं तर ३ टक्के. पण चालताना शरीर पुढं ढकलण्याचं काम अंगठ्याचं, तो गेला की शिडी चढणं, ओझं घेऊन वळणं, सगळं डळमळतं, आणि हेल्परला बसून करायचं काम कुणी देत नाही.

बुटाचे पैसे पगारातनं कापले जात असतील तर ते चुकीचं आहे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, त्यात स्पष्ट आहे की सुरक्षेसाठी केलेल्या किंवा दिलेल्या गोष्टीचा खर्च मालकानं कामगाराकडनं घ्यायचा नाही. दिलेलं साधन वापरणं ही कामगाराची पण जबाबदारी त्यातच आहे, हे खरं. ठेकेदाराची माणसं मात्र यात कायम मागं राहतात, सोडून गेलेल्याचा घामट बूट नवीन पोराला देतात, दुसऱ्याच्या पायाच्या आकाराला बसलेला, बुरशीसकट. भट्टी तीच, मेटल तेच, मग बूट का जुना? कंपनीत सेफ्टी कमिटी असेल तर तिथं लेखी मांडा, नाही ऐकलं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं तक्रार करता येते.

कोअर शॉपमध्ये (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथं) बायका असतात, त्यांचं कुणी विचारतच नाही. स्टोअरमधला सगळ्यात लहान बूट ६ नंबरचा, आणि त्यांचा पाय ३ किंवा ४ चा, मग पुढं चिंधी कोंबून घालायचा, नाही तर चपलेवर काम. चिंधी कोंबलेल्या बुटात बोटं टोपीच्या खाली येतच नाहीत, मागं राहतात, म्हणजे टोपीची मागची कड बरोबर बोटांवर. ३ आणि ४ नंबरमध्ये आयएसआय मार्कचे सेफ्टी शूज बनतात, मिळतात, फक्त ऑर्डरमध्ये तो नंबर लिहावा लागतो. ताई, तुम्ही स्वतः नंबर कागदावर लिहून सुपरवायझरकडं द्या, आणि स्टोअरवाल्या भावांनो, पुढच्या इंडेंटला (मागणीपत्राला) हे दोन नंबर टाका.